घोंगडं आणि ग्राहक मंच

दवाखान्यातले किस्से कंपन्यांच्या सॅम्पल गोळ्यांसारखे असतात. मुद्दाम कुणी साठवत नाही, पण ड्रॉवर उघडला की मूठभर निघतातच. मी आष्ट्यात एका हाडांच्या डॉक्टरांकडं वीस वर्षं सिस्टर होते. डॉक्टरलोक ग्राहक कायद्यात आले, त्या नव्वदच्या दशकातले हे काही.

कोर्टाचा निकाल आला आणि आठवड्यात विमा एजंट दारात हजर. "पेशंटनं केस केली तर भरपाई कंपनी देणार," तो म्हणाला.

डॉक्टरांनी शांतपणे विचारलं, "आणि नाही केली तर?"

"तर देवाची कृपा. पुढच्या वर्षीचा हप्ता तेवढा भरायचा."

डॉक्टरांनी हप्ता भरला. त्या महिन्यापासून तपासणीची फी वीसची तीस रुपये झाली.

•

मग एक्स-रे वाढले. सांगलीचे एक हळदीचे व्यापारी घोटा मुरगळून आले. बिल बघून म्हणाले, "डॉक्टर, पूर्वी तुम्ही नुसतं दाबून सांगायचा मुरगळलाय म्हणून. आता आधी फोटो, मग तेच!"

डॉक्टर म्हणाले, "सांगायचे तीसच घेतलेत, शेठ. फोटो तुमच्या वकिलासाठी."

•

संमतीच्या फॉर्मला तर लोक ऑपरेशनपेक्षा जास्त भ्यायचे. एक आजी खुब्याच्या ऑपरेशनला आल्या आणि अंगठा द्यायलाच तयार होईनात. "आवं शिस्टर, आंगठा दिला की रान जातं. ह्यात कुठलं रान लिवलंय, ते आदी सांगा."

मी सगळा फॉर्म वाचून दाखवला. जिवाला धोका आहे, इथपर्यंत आले.

"एवढंच व्हय? मग आणा शाई."

•

बिरूतात्या आटपाडीकडचे मेंढपाळ. दरवर्षी मेंढरं घेऊन आमच्या भागात उतरायचे. एका वर्षी पाय मोडला. डॉक्टरांनी दीड महिन्याचं प्लास्टर घातलं, पण पाय वाकडा जुळला. पुतण्यानं सांगलीला ग्राहक मंचात केस केली, की दवाखान्यानं प्लास्टर लवकर काढलं.

आम्ही ते काढलंच नव्हतं. तात्या पंधरा दिवसांत तळ हलवून गेले ते परत आलेच नाहीत. पण पुरावा कुठून आणायचा? डॉक्टरांचं आयुष्यभराचं नाव जायची वेळ आली. त्यांचं जेवण तुटलं. मला त्या पुतण्याचा फार राग यायचा.

वकिलांनी वाट काढली. "प्लास्टर गुरुवारी घातलं. गुरुवारी तुमच्याकडं सगळ्यांना मोफत. फुकट उपचाराला हा कायदा लागत नाही, एवढंच म्हणून बघू."

मंचासमोर ते तसंच बोलले. तात्या काठी टेकत उठले.

"फुकट? आमी फुकट घेत न्हाई. घोंगडं दिलंय. इचारा त्यास्नी."

वकिलांनी मागून डॉक्टरांचा शर्ट ओढला. तरी डॉक्टर उठलेच.

"दिलंय. रोज पांघरतो."

पुतण्या काहीतरी बोलायला उठला. तात्या त्याला म्हणाले, "खाली बस रं."

आणि मंचाकडं वळले. "पलास्टर मीच कापलं, सायेब. मेंढराच्या कातरीनं. मेंढरं फुडं गेली हुती."