वाटीच्या तळाएवढं दूध

माझी मुलगी डहाणूच्या दवाखान्यात काचेच्या पेटीत होती, तेव्हा शेजारच्या खाटेवर झरी गावची एक बाई होती. तिचं नाव विचारायचं राहूनच गेलं. तिचा मुलगाही दिवस भरण्याआधी जन्मलेला. आम्ही सगळ्या बायका वाटीत दूध काढायचो आणि झाकण लावून फ्रिजमध्ये ठेवायला सिस्टरकडे द्यायचो. ती मात्र भिंतीकडे तोंड करून, पदराखाली वाटी धरून बसायची.

एका सकाळी ती दूध बेसिनमध्ये ओतताना दिसली. मी तिचा हात धरला.

"अगं, काय करतेस?"

"तळ झाकेल एवढंच आलं, ताई. तुमच्या वाट्यांशेजारी ठेवायची लाज वाटते."

माझ्या हातातली भरलेली वाटी कुठे लपवावी, मला कळेना. मी सिस्टरला बोलावलं. ती रागावली नाही.

"त्याला एका वेळी दोन चमचेच लागतात," ती म्हणाली आणि तिनं उरलेलं दूध झाकून, चिठ्ठी लावून फ्रिजमध्ये ठेवलं.

दुपारी ती बाई पेटीपाशी जाऊन आली आणि माझ्या खाटेवर टेकली.

"सगळं प्याला," ती हळूच म्हणाली. "संपल्यावरही ओठ हलवत होता."