वाणात वाटलेला पासवर्ड

एका संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी एकवीस बायकांना वाण म्हणून पासवर्ड वाटला. वाटला म्हणजे अगदी रीतसर, लाल शाईनं चिठ्ठ्या लिहून, वर तिळगूळ ठेवून!

तेव्हा मी तरणीताठी होते. अठ्ठावन्न वर्षांची! (आता त्रेसष्टची झाले. थोडी अक्कल आली असं सुना म्हणतात. थोडीच.) आमच्या वालूर गावात भरतकामाची कॉम्प्युटरवाली मशीन आणणारी मी पहिलीच बाई, त्यामुळे माझे पाय जमिनीला लागत नव्हते. मोबाइलवर एक खातं उघडायचं, त्यात नक्ष्या विकत घ्यायच्या आणि पाहिजे ती नक्षी मशीनला पाठवायची. शिवून होईपर्यंत खातं चालूच लागायचं. मी पाचशे नक्ष्यांचा गठ्ठाच घेतला होता. वर ठळक अक्षरांत लिहिलेलं, 'एकदा घ्या, कायमच्या तुमच्या!'

आता माझ्या म्हणजे माझ्याच ना? गल्लीतल्या बायका दरसाल चाळण्या नि साबणदाण्या लुटायच्या. मी ठरवलं, आपण असं वाण लुटू की जे लुटून संपतच नाही!

"आक्का, कागुद कशाला वाटायलीस?" माझी धाकटी जाऊ रुक्मिण म्हणाली.

"कागुद न्हाई येडे, पाचशे नक्ष्या हायत त्यात. जिनं तिनं आपल्या मोबाइलात उघडायच्या."

"आन् सगळ्यांनी घेतल्यावर तुला काय उरंल?"

"दिव्यानं दिवा लावला तर पहिला इझतो का?" मी म्हणाले. (वाक्य मला इतकं आवडलं की मी ते दोनदा म्हणाले.)

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रुक्मिणच्या सोनालीचा ब्लाउज मशीनवर चढवला. पोरीचं लग्न तीन दिवसांवर. पाठीवर डोली काढायची होती, डोलीत बसलेली नवरी, वर फुलांचं छत. कापड शालूतूनच निघालेलं, म्हणजे दुसरा तुकडा मिळणं शक्य नाही.

खटखटखट! आधी चार भोई निघाले, फेट्यासकट. मग त्यांच्या खांद्यांवर दोन दांडे. मग दांड्यांमध्ये फळी. आता फक्त नवरी नि छत राहिलं होतं, आणि नेमक्या त्याच वेळी गल्लीतल्या बायकांनी भांडीकुंडी उरकून मोबाइल हातात घेतले. एकवीस घरांत एकदम एकच पासवर्ड!

मशीन थांबली. पडद्यावर लाल अक्षरं आली, 'संशयास्पद वापर. खाते गोठवले आहे.'

तेवढ्यात रुक्मिण चहा घेऊन आली. तिनं कापडाकडं पाहिलं आणि कपबशी तशीच खाली ठेवली.

"आक्का... हे काय काढलंस?"

मीही चष्मा सावरून पाहिलं. चार माणसं. खांद्यावर दोन बांबू. मधे फळी. आणि वर कुणीच नाही!

"डोली हाय गं... अर्धी हाय."

"ही डोली? आता निस्ता म्होरं गाडगं धरणारा एक माणूस काढ, म्हंजी झालं!"

सोनाली पळत आली, तिनं पाहिलं आणि भिंतीला टेकून बसली. "मोठ्याई, मी ही तिरडी पाठीवर घिऊन बोहल्यावर उभी राहू?"

उसवावं तर कापडाला भोकं पडणार. मी कंपनीला फोन लावला. एक पोरगी फार गोड बोलत होती.

"मॅडम, तुम्ही पासवर्ड इतरांना दिलात."

"माझ्या नक्ष्या हायत. मी कुणालाबी देईन!"

"नक्ष्या तुमच्या नाहीत, मॅडम. तुम्हाला फक्त वापरायची परवानगी आहे. अटींखाली तुम्ही 'मान्य' दाबलंय."

(दाबलं होतं. ते दाबल्याशिवाय ते पुढंच जाऊ देईना!)

"बरं. मशीन कुणाची?"

"तुमचीच."

"सुई? दोरा?"

"तुमचाच, मॅडम."

"हे चार भोई?"

"ते... शिवून झालेत, म्हणून तुमचे."

"मग नवरी कुणाची?"

"नवरी कंपनीची, मॅडम."

"अगं माय, आमच्याकडं शेळी अर्धलीनं, निम्म्या वाट्यानं, सांभाळायला देतात, तवा कोणतं करडू कुणाचं ते आधी बोलून ठरवतात! तुमी तर शेळी इकली आन् दाव्यासकट परत घिऊन चालल्या!"

ती तेवढ्याच गोडीनं म्हणाली, "सात कामाच्या दिवसांत चौकशी होईल. धन्यवाद!"

लग्नाला राहिले होते तीन दिवस. मी खाली मान घालून एकवीस घरं फिरले. दुपारी सगळ्या सुया घेऊन हजर! शेजारच्या गयाबाईनं झालर भरली, कुणी फुलं, कुणी छत. तिरडीची हळूहळू डोली व्हायला लागली. नवरी मात्र सगळ्यांनी मिळून माझ्यावर टाकली.

"जिनं वाण लुटलं, तिनंच निस्तरावं," गयाबाई म्हणाली.

मशीन आल्यापासून मी सुई हातात धरली नव्हती. नवरीचा एक डोळा मोठा झाला, एक बारीक. म्हणून दोन्हींभोवती सारखे गोल भरले. काळा दोरा संपला, म्हणून केसांना चंदेरी जर लावली. गाल फुगले. मान गायब झाली. पण कुणीतरी बसलेलं दिसत होतं, तेवढं पुष्कळ!

लग्नाच्या दिवशी जिंतूरला मांडवात नवरदेवाची आई चष्मा लावून सोनालीच्या पाठीमागं गेली. रुक्मिणनं डोळे मिटले. मी खांबाला धरलं. विहीणबाईंनी डोलीवरून बोट फिरवलं, एकदा डोलीतल्या नवरीकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं, पुन्हा नवरीकडं. आणि म्हणाल्या:

"इहीणबाई, डोली लय झकास हाय. पण नवरीला बसवायचं सोडून तुमी सोताच काहून बसल्या तीत?"