बेगमीमामाचं गवत

हिरव्या गवतावरून आपलीच मेंढरं हाकलून लावणारा धनगर मी एकच पाहिला. सगळं गाव त्याला बेगमीमामा म्हणे.

शिरूर कासारकडच्या आमच्या गावामागे डोंगराचा एक उतार आहे. पेरणीआधी मामाची मेंढरं आमच्या रानात बसत, खत पडे. त्या बदल्यात उतारावरचं गवत त्याचं, असा माझ्या वडिलांचा शब्द होता. वडील गावचे पाटील. निजामाच्या अमलात तेवढा शब्द पुरे होता.

पावसाळा सरला की मामा कळप घेऊन गंगथडीला, म्हणजे गोदावरीकाठी जाई, तो होळीला परते. तोवर उताराला हात लावायचा नाही. तो म्हणे, "घरात भरून ठिवली ती साठवण. डोळ्याम्होरं हाय अन् तोंड लावलं न्हाई, ती बेगमी."

लोक चिडवत, "मामा, बायकोला तरी रोज जेवू घालतोस, का तिलाबी होळीलाच?"

"तीच आदी जेवती रं. उरलं तर मला घालती."

एका साली आषाढानंतर पाऊस आलाच नाही. माघातच आमचा कडबा संपला. बैलांना शेपटीला धरून उठवावं लागे. वडील मला म्हणाले, "उतार मोकळा कर." मी तेव्हा चांगला मिशा फुटलेला गडी होतो. मामाचं काय, असं मी विचारलंदेखील नाही. होळीच्या आत तिथले दगड उघडे पडले.

मामा आला. गंगथडीलाही चारा मिळाला नव्हता. या गवताच्या भरवशावरच त्यानं कळप कसाबसा आणला होता. उताराकडं बघून तो तिथल्याच एका दगडावर बसला.

"कावून, पाटील?"

"बैलं मरायला लागलती. तुजी मेंढरं काय, पाल्यावर जगत्यात."

"पाला तरी कुटं हाय?"

मामा माझ्याकडं वळला. "धाकलं पाटील, बैलं वाचली का?"

"वाचली."

"मंग लई बरं झालं," म्हणत त्यानं एक कोकरू खांद्यावर घेतलं आणि उठला.

पुढच्या शिवारातच त्याची मेंढरं पडू लागली. नंतर तो कुणाच्या तरी कळपावर चाकरीला राहिल्याचं कानावर आलं. आमच्याकडं तो पुन्हा फिरकला नाही.

गावात मात्र त्या शब्दाचा अर्थच फिरला. कुणाचं राखलेलं वाया गेलं की लोक हसून म्हणत, "झाली मामाची बेगमी!" परवा कीड लागलेली डाळ निवडताना माझी नातसूनही तेच म्हणाली. तिला मामा कोण, हे ठाऊकही नाही.

म्हणून हे लिहून ठेवतो. मामाची बेगमी वाया गेली नाही. ती आमच्या बैलांनी खाल्ली. त्याच बैलांवर पुढची पेरणी झाली आणि पीक आमच्या घरात आलं. रानाला खत आदल्या साली बसलेल्या त्याच्याच मेंढरांचं होतं.