चारशे बारा जणांचं शुद्धिपत्र

छापखान्यात तिला सगळे टिंबताई म्हणत. एकोणतीस वर्षं ती मुद्रितं तपासत होती, पण कथा-कविता तिच्या वाट्याला कधी आल्या नाहीत. तिच्या टेबलावर यायचे ते आकडे. परीक्षांचे निकाल, गाड्यांची वेळापत्रकं, औषधांच्या बाटल्यांबरोबरची माहितीपत्रकं. दशांशाचं टिंब एक घर सरकलं तर लहान मुलाच्या पोटात दहापट औषध जाईल, हे नवीन आलेल्या प्रत्येकाला ती पहिल्याच दिवशी ऐकवायची. एकदा तर एका टिंबापायी तिने चालू मशीन थांबवायला लावलं. मालक तणतणत आले, कागद पाहिला आणि परत गेले. नाव पडलं ते तेव्हापासून.

तिचा नवरा बसचालक. एकतीस वर्षं बस चालवली, पण गाडीला ओरखडा नाही की तोंडात शिवी नाही. रस्त्यात कुणी आडवं आलं तरी हे आपले शांतपणे ब्रेक दाबणार आणि वर त्यालाच हात करून "जा बाबा" म्हणणार. घरातही तेच. भांडण हवं असेल तर टिंबताईला एकटीनेच दोन्ही बाजू सांभाळाव्या लागत.

दोघंही निवृत्त झाल्यावर मुलगी नोकरीसाठी दूर गेली आणि तिचा कॉम्प्युटर मागे राहिला. त्यात अंतराळयान उडवायचा एक सिम्युलेटर होता. टिंबताईने तो उघडला तो निव्वळ कुतूहलापोटी, आणि अडकली. यानापेक्षा तिला यानातला कॉम्प्युटर आवडला. जुन्या धर्तीची ती एक पेटी होती. पाच-पाच आकड्यांच्या तीन ओळी, खाली आकड्यांची बटणं आणि शेजारी दोन खास बटणं, एक क्रियापदाचं, एक नामाचं. क्रियापदाचा क्रमांक दाबला की काय करायचं ते यंत्राला कळायचं, नामाचा दाबला की कशाचं करायचं ते.

"अहो, ऐकलंत का? याला व्याकरण येतं!" तिने स्वयंपाकघराकडे तोंड करून सांगितलं.

"मग तुझं जमेल त्याच्याशी," आतून उत्तर आलं.

जमलं, पण लगेच नाही. त्या पेटीवर टिंब दिसतच नसे. पाच आकडे सलग. कुठल्या आकड्यानंतर टिंब आहे ते चालवणाऱ्याने डोक्यात धरायचं. हे कळलं तेव्हा ती आधी भडकली आणि मग दोन दिवसांनी तिला त्याचा आदर वाटायला लागला. दीड महिन्यात तिने सव्वीस यानं फोडली. प्रत्येक वेळी चूक तिचीच होती, आणि प्रत्येक चूक तिने तारीख घालून वहीत लिहिली. सत्ताविसावं यान सुखरूप उतरलं. त्यानंतर दुपारी चहा झाला की नवरा शेजारी खुर्ची ओढून यादी वाचून दाखवायचा, "क्रियापद सोळा. नाम अडुसष्ट," आणि ती दाबत जायची. आकडा दाबायच्या आधी मोठ्याने परत म्हणायचा, हा तिचा नियम.

त्यामुळे गावातल्या विज्ञानकेंद्रात खरीखुरी केबिन बसवली आहे, आत अगदी तसलाच कॉम्प्युटर आहे, हे ऐकल्यावर दोघं बुधवारी सकाळी तिथे हजर झाली. केबिन येऊन सात महिने झाले होते. पत्र्याची गोल कोठी, आत दोन खुर्च्या, काचेची खिडकी. चालवणाऱ्यासाठी भिंतीवर प्लॅस्टिकमध्ये बंद केलेलं एक कार्ड, त्यावर कुठलं बटण कधी दाबायचं ते क्रमवार. बाहेर मोठा फलक. त्यावर आजवर बसलेल्या प्रत्येकाचं नाव, यान नेमून दिलेल्या जागेपासून किती मीटरवर पडलं तो आकडा, आणि शेवटच्या रकान्यात निकाल.

"एका वेळी एकच," तिथली मार्गदर्शक मुलगी म्हणाली.

"तुम्ही बसा आधी," टिंबताई नवऱ्याला म्हणाली. "गाडी तुमची."

ते बसले. ती काचेला कान लावून उभी राहिली. ते कार्ड वाचत होते, प्रत्येक आकडा मोठ्याने म्हणत होते, मगच दाबत होते. एकही आकडा चुकला नाही. ती शपथेवर सांगायला तयार होती. यान खाली येत गेलं, सपाट मैदान दिसलं, आणि मैदानावरून ते तसंच पुढे निघून गेलं. पुढे नुसते खडक. इंधन संपल्याचा लाल दिवा लागला, कोठी हादरली, आणि लाउडस्पीकर सगळ्या दालनाला ऐकू जाईल असा गरजला: "यान नष्ट. कारण, चालकाची चूक."

रांगेतले लोक हसले. कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

नवरा बाहेर आला तो हसतच. पण बेचाळीस वर्षांच्या संसारात तिने ते हसू फार तर तीनदा पाहिलं होतं. फलकावर त्यांचं नाव चढलं, चारशे अकरावं, आणि त्यापुढे तेच दोन शब्द, 'चालकाची चूक'. ते तिकडे बघत राहिले.

"चल," ते म्हणाले. "वय झालं आता माझं."

टिंबताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"वय नाही झालं. थांबा इथे."

ती मार्गदर्शक मुलीकडे गेली. "तुमच्या कार्डात चूक आहे."

"आजी, आजोबांचा एखादा आकडा इकडचा तिकडे झाला असेल. होतं असं."

"मी तुझी आजी नाही, आणि त्यांचा आकडा इकडचा तिकडे होत नसतो. मला बसू दे."

ती बसली. मुद्दाम कार्डाबरहुकूम, आकडान् आकडा तसाच दाबत गेली. अकराव्या ओळीवर तिचं बोट थबकलं. उतरायची जागा थोडी पुढे घ्यायची, चारशे वीस मीटर, असं कार्डावर लिहिलं होतं आणि शेजारी दाबायचे आकडे दिले होते: चार, दोन, शून्य, शून्य, शून्य. या पेटीत शेवटचा आकडा टिंबानंतरचा. म्हणजे यंत्राला सांगितलं जात होतं चारशे वीस नव्हे, चार हजार दोनशे. सुरुवातीला एक शून्य हवं होतं, ते शेपटीला जाऊन बसलं होतं. तिने तरीही ते तसंच दाबलं. सोक्षमोक्ष लागायला हवा होता. यान मैदानावरून पुढे गेलं, त्याच खडकांवर आपटलं आणि लाउडस्पीकर तेच बोलला. चारशे बारावं नाव तिचं.

आता तिने फलक नीट वाचला, मुद्रित वाचावं तसा, बोट धरून, वरपासून खालपर्यंत. तीन हजार सातशे ऐंशी. तीन हजार सातशे शहात्तर. तीन हजार सातशे ब्याऐंशी. चारदोन जण सोडले तर सगळे तिथेच. चार हजार दोनशेतून चारशे वीस वजा केले की येतात बरोबर तीन हजार सातशे ऐंशी.

व्यवस्थापकांच्या खोलीचं दार उघडंच होतं. गुळगुळीत टेबल, त्यावर यानाची छोटी प्रतिकृती. तिने काय झालं ते सांगितलं, अकरावी ओळ सांगितली. व्यवस्थापक समजूतदारपणे मान हलवत राहिले.

"मॅडम, कार्ड तज्ज्ञांनी बनवलंय. आता बघा, चारशे लोक चुकले. ते अवघड आहेच. अवकाशात जाणं म्हणजे काही..."

"चारशे माणसं एकाच खडकावर जाऊन आपटतात, हे तुम्हाला विचित्र नाही वाटलं? चुकणारे दहा दिशांना चुकतात हो. सगळे एकाच जागी पडत असतील तर चूक त्यांना शिकवणाऱ्याची असते."

व्यवस्थापकांनी प्रतिकृती उचलून दुसरीकडे ठेवली. मग त्यांनी जे सांगितलं ते सांगायला नको होतं. तंत्रज्ञाने दोन महिन्यांपूर्वीच ही ओळ दाखवून दिली होती. पण नवीन कार्ड करायचं म्हणजे वरून मंजुरी लागते, आणि खरं सांगायचं तर तशी कुणाची तक्रारही नव्हती. "उलट लोकांना आवडतं. कोठी हादरते, सगळे हसतात, फोटो काढतात. आदळण्यातच तर गंमत आहे."

टिंबताईने पर्स त्या गुळगुळीत टेबलावर ठेवली आणि खुर्ची पुढे ओढली. छापखान्यातल्या कुणी ते पाहिलं असतं तर त्याने खोलीतून काढता पाय घेतला असता.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं," ती हळू आवाजात म्हणाली. "दोन महिने ठाऊक होतं, आणि रोज येणाऱ्या माणसाला तुम्ही भर दालनात चुकलेला ठरवत होतात. बाहेर माझा नवरा उभा आहे. एकतीस वर्षं बस चालवली त्याने. रोज शेकडो माणसं त्याच्या पाठीमागे निर्धास्त झोपायची. त्याच्या नावापुढे 'चालकाची चूक' असं आजवर कुणाला लिहिता आलं नाही. ते तुम्ही लिहिलंत, आणि तुमच्या मते ती गंमत!"

"हा एक खेळ आहे, मॅडम."

"खेळ असेल तर खेळ प्रामाणिक ठेवा. मला एक डाव द्या. आम्हा दोघांना. आत्ता."

तिला टाळायचा तोच सोपा मार्ग आहे असं वाटून असेल, किंवा दारात जमलेल्या लोकांकडे बघून असेल, व्यवस्थापक उठले. ती आत शिरली, पर्समधलं लाल पेन काढलं आणि प्लॅस्टिकवरूनच अकरावी ओळ खोडून समासात दुरुस्ती लिहिली. नवरा डावीकडच्या खुर्चीत बसला.

"वाचा," ती म्हणाली.

"अगं, राहू दे ना. लोक बघतायत."

"म्हणूनच वाचा."

त्यांनी वाचायला सुरुवात केली. आवाज आधी बारीक होता. सहाव्या ओळीपर्यंत तो नेहमीचा झाला. अकराव्या ओळीवर दोघंही एकदमच म्हणाली, "शून्य, चार, दोन, शून्य, शून्य," आणि तिने बटणं दाबली. मैदान आलं. या खेपेला यान त्याच्यावर थांबलं. शेवटचे शंभर मीटर हाताने उतरवायचे होते. नवऱ्याने दांडा हातात घेतला आणि बस थांब्याला लावावी तसं, उभ्या म्हातारीचाही तोल जाणार नाही अशा बेताने, ते यान टेकवलं. कोठी हललीसुद्धा नाही.

बाहेर सगळे फलकाकडे बघायला लागले. लाउडस्पीकर खरखरला आणि गप्प झाला. फलकावर त्यांच्या नावापुढे अक्षरं उमटली: "येथे मजकूर लिहावा."

सात महिन्यांत कुणी उतरेल हे केंद्रात कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. यशाचं वाक्य लिहायचंच राहिलं होतं.

लोक पोट धरून हसले, मार्गदर्शक मुलगीही हसली. टिंबताईला मात्र हसू आलं नाही. एकोणतीस वर्षांत असला कोरा मजकूर तिच्या हातून छापायला गेला नव्हता.

घरी आल्याबरोबर तिने पत्र लिहिलं. मागण्या दोन. कार्ड बदला, आणि फलकावर शुद्धिपत्र लावा. पंधरा दिवसांनी उत्तर आलं: "आपल्या मौलिक सूचनेबद्दल धन्यवाद." तिने ते पत्र टेबलावर आपटलं. "सूचना? मी यांना पडद्याचा रंग सुचवला का?" दुसरं पत्र गेलं. तिसरं गेलं, त्याची प्रत केंद्राच्या विश्वस्तांना. प्लॅस्टिकवरची तिची लाल दुरुस्ती केंद्राने पुसून टाकली होती, म्हणून दर बुधवारी ती स्वतः जाऊन केबिनच्या दाराशी उभी राहायला लागली आणि रांगेतल्या प्रत्येकाला अकरावी ओळ सांगायला लागली; बाकीच्या दिवशी ते काम मार्गदर्शक मुलगी करायची. माणसं उतरायला लागली. फलकावर "येथे मजकूर लिहावा" ची रांग लागली.

सहाव्या आठवड्यात कार्ड बदललं. त्याच दिवशी फलकही कोरा झाला होता, चारशे बारा नावं पार पुसून टाकलेली.

"झालं ना तुझ्या मनासारखं?" नवऱ्याने विचारलं.

"कसलं मनासारखं! पुसलं म्हणजे दुरुस्त झालं का? ज्याने वाचलं त्याच्या डोक्यात चूक तशीच राहते. दुरुस्ती दिसायला हवी."

मग तिने फलकाच्या, पहिल्या दिवशी नवऱ्याच्या फोनवर काढून ठेवलेल्या फोटोंवरून सगळी नावं पुन्हा उतरवून काढली, दोन दिवस बसून, आणि विश्वस्तांच्या बैठकीला न बोलावता गेली. तिथे काय झालं ते तिने कुणाला नीट सांगितलं नाही. आवाज खालच्या मजल्यापर्यंत आला होता, एवढं मार्गदर्शक मुलीने सांगितलं. पुढच्या सोमवारी केबिनशेजारी एक चौकट लागली: "खालील चारशे बारा चालकांनी सूचनांचे अचूक पालन केले होते. चूक केंद्राच्या कार्डात होती." खाली नावं, दोन रकान्यांत. ज्या चारदोन जणांनी स्वतःच घोळ घातला होता त्यांना टिंबताई वगळणार होती, पण नवरा म्हणाला, "असू दे गं, त्यांनाही कार्ड चुकीचंच मिळालं होतं," आणि तिने मोठ्या मनाने ते मान्य केलं.

व्यवस्थापकांनी तिची माफी मागितली नाही. भेटले की ते अजूनही हसून "काय म्हणता, मॅडम" करतात, आणि ती सरळ केबिनकडे वळते.

एका बुधवारी एक परिचारिका ड्यूटी संपवून थेट तिथे आली. चौकटीत आपलं नाव शोधलं, एकशे नव्वदावं. "माझ्या दिरांनी मला यावरून पाच महिने चिडवलंय," ती टिंबताईला म्हणाली. "हिच्या हातात सुई देऊ नका, असं येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात."

"फोटो काढा चौकटीचा," टिंबताई म्हणाली. "दिरांना पाठवा. आणि आत बसा, तुमची पाळी आहे."

नवऱ्याने केबिनचं दार उघडून धरलं.