घासलेला रुपया

संत तुकाराम नगरच्या हॉलमध्ये जुन्या नाण्यांचं प्रदर्शन होतं. तिथे एक गृहस्थ माझ्या शेजारी चहा घेत बसले होते. चाकणच्या कंपनीतून रिटायर झालेले, क्वालिटीचे इन्स्पेक्टर. वस्तू उजेडात तिरकी धरून बघायची सवय अजून गेली नव्हती. आत्ता हातात प्लॅस्टिकची सीलबंद डबी होती, आत राणीछाप चांदीचा रुपया.

"लोक खोटा म्हणायचे, म्हणून नाणी तपासून डबीत सील करून देणाऱ्या कंपनीकडे पाठवला. खरा निघाला. आता कुणी शंका घेणार नाही."

डबीवर छापलं होतं: अस्सल, पण घासलेला, म्हणून दर्जाची श्रेणी नाही.

"आमची ही दर लक्ष्मीपूजनाला चिंच लावून घासायची. गेल्या वर्षी गेली."

मला त्या शेऱ्याचा रागच आला. म्हटलं, "फोडा ना डबी. रुपया निदान हातात तरी येईल."

"फोडली तर शेरा जाईल, साहेब." त्यांचा अंगठा त्या अक्षरांवरून फिरत राहिला. "उभा जन्म तिनं घरात घासण्यात घालवला. त्याची लेखी नोंद एवढीच आहे. तीसुद्धा दोष म्हणून."