सोपानरावांची सातवी कमान

समजा, तुम्ही परांचीवर उभे आहात. शेजारी ओल्या चुन्याचं घमेलं, समोर दीडशे वर्षांची दगडी कमान. दोन दगडांमधली फट तुम्हाला भरायची आहे. आधी पाणी मारायचं, चुना थापीनं आतपर्यंत दाबायचा, वर ओलं गोणपाट टाकायचं आणि एकवीस दिवस ते सुकू द्यायचं नाही. घाई केली की काम गेलं.

न्हावऱ्याच्या सोपानराव गवंड्यांनी शहरातल्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात अशा सहा कमानी भरल्या. ही इमारत मूळची घोड्यांची पागा. विद्यापीठ सुरू झालं तेव्हा पहिले वर्ग इथंच भरले. घोडे बांधायच्या लोखंडी कड्या अजून भिंतीत आहेत; मुलं त्यांना डबे अडकवतात. अठ्ठावीस वर्षांपूर्वी दुरुस्ती निघाली, तेव्हा सोपानराव आणि त्यांच्या पत्नी सिंधूबाई पाच महिने आवारातच पत्र्याच्या खोपीत राहिले. सिंधूबाई चुना मळायच्या. दुपारी वडाखाली भाकरी सोडली की हॉस्टेलच्या मुली ठेचा मागायला यायच्या. त्यातली एक पुढं तिथंच प्राध्यापक झाली, हे सिंधूबाई अजून लेकीचं कौतुक सांगावं तसं सांगतात.

मी आता त्याच इमारतीच्या नव्या दुरुस्तीवर इंजिनिअर आहे. मोजमाप घेताना दिसलं, सातव्या कमानीचे दगड पापुद्रे सुटावेत तसे झडतायत. फटींमध्ये चुना नव्हता, सिमेंट होतं. मी न्हावऱ्याचीच, त्यामुळे कुणाला विचारायचं ते ठाऊक होतं. रविवारी एसटीनं गावी गेले आणि सोपानरावांना, म्हणजे आमच्या आबांना, मोबाईलवर फोटो दाखवला. मला वाटलं, दुसऱ्या कुणाचं नाव सांगतील.

"माझंच काम हाय," सोपानराव म्हणाले.

त्या वेळी पदवीदानाला दहाच दिवस उरले होते आणि पाहुणे त्याच कमानीतून आत येणार होते. सिमेंट चुन्याहून पक्कं, असं त्यांना मनापासून वाटलं. दोन दिवसांत फटी भरल्या, वरून चुन्याचा हात फिरवला. कुणाला कळलं नाही. उलट गावात ते सांगायचे, सातवी सगळ्यात मजबूत.

"म्या तवाच म्हनलं व्हतं," सिंधूबाई चुलीपासून बोलल्या. "मळलेला चुना तसाच वाळला माझा. पर बाईमाणसाचं ऐकलं तर ह्यांची मिशी गळती ना."

आबा हसले नाहीत. मी सांगितलं, भिंतीतली ओल चुन्यातून बाहेर पडते; सिमेंटनं ती वाट अडवली, मग ओल दगडातून निघाली. सिमेंट टिकलं, दगड झिजला.

पुढच्या महिन्यात ते सिमेंट छिन्नीनं काढायचंय. आबांना तेव्हा तिथं उभं राहायचंय. हातात आता छिन्नी धरवत नाही. त्या दगडाची खाणही केव्हाच बुजली. एक तुटला तर तसा दुसरा मिळायचा नाही.

स्टँडपर्यंत ते माझ्यासोबत आले. वाटेत दोनदा त्यांनी एकच गोष्ट विचारली. दोन्ही वेळा मी म्हटलं, उघडल्याशिवाय सांगता येत नाही. गाडी सुरू झाली तरी त्यांनी खिडकीचा गज सोडला नाही.

"शिमिट निघंल गं पोरी. पर त्याच्यासंगं दगडाची कड तर निघून येणार न्हाई ना?"