वर्तणुकीत सुधारणा

आमच्या नर्सबाई लोकांवर ओरडायच्या बंद झाल्या तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. हे आधीच कबूल करून टाकतो.

सत्तरच्या दशकात पलूसजवळच्या एका आरोग्य केंद्रात मी डॉक्टर होतो, म्हणजे सह्या करायचो. केंद्र चालवायच्या त्या नर्सबाई. वीस वर्षांची नोकरी आणि खणखणीत आवाज. "ओरडायचं तर नवऱ्याच्या नावानं ओरड, माझ्या कानात नको!" असं बाळंतिणीच्या खोलीतून ऐकू आलं की बाहेर बसलेला नवरा मान खाली घालायचा. एका वर्षी श्रावणापासून मात्र बाई एकदम मऊ झाल्या. सगळ्यांशी अहो-जाहो. मी गोपनीय अहवालात 'वर्तणुकीत लक्षणीय सुधारणा' असं लिहिलं आणि हा आपलाच प्रभाव म्हणून खूश झालो. अहवाल वाचून जिल्ह्याच्या साहेबांनी बाईंना आदर्श परिचारिका ठरवलं. शाल, श्रीफळ, गुरुवारी सांगलीत समारंभ.

पायाच्या जखमेचं ड्रेसिंग करायला येणारा एक फौजेतला पेन्शनर हवालदार होता. समारंभाच्या आठवडाभर आधी तो माझ्या टेबलाशी येऊन उभा राहिला.

"आवं डाक्टर, बाई आजारी हायत."

"कशावरून?"

"काल मला 'बसा हं, काका' म्हणाल्या."

"मग चांगलंच आहे की."

"काय चांगलं? तीन वर्सं येतोय. 'आधी तंबाखू थुंकून ये, म्हाताऱ्या' म्हणल्याबिगर कवा पट्टी सोडली न्हाई त्यांनी. आमच्या पलटणीत एक सुभेदार व्हता. शिवीबिगर बोलायचा न्हाई. लढाईवरनं आला आन् आमाला 'बाळांनो' म्हणाय लागला. आमी हसलो. आठ दिसांनी नदीकाठी जाऊन बसला, उठंचना. बाईंकडं बघा जरा."

मी बघितलं. बाई उकळलेल्या सुया पुन्हा उकळत होत्या. डब्यातली भाकरी रोज दारातल्या कुत्रीला जात होती. ती चांगली गुबगुबीत झाली होती. एवढं सगळं माझ्या नाकासमोर चाललं होतं आणि माझ्याकडे एम.बी.बी.एस.ची पदवी होती.

"सिस्टर, झोप लागते का?"

"श्रावणापासून नाही."

श्रावणात रक्तस्राव होणाऱ्या एका बाळंतिणीला सांगलीला हलवायचं होतं. आमची जीप साहेबांच्या दौऱ्यात लाउडस्पीकर वाहायला गेली होती. बाई बैलगाडीबरोबर चालत गेल्या. बाळंतीण निम्म्या वाटेत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी आठला बाई कामावर हजर. "तुम्ही शक्य ते सगळं केलंत," असं म्हणून मी तिच्या मृत्यूच्या कागदावर सही केली होती. यालाच मी धीर देणं समजत होतो.

"सांगलीत मनाच्या आजारांचे एक डॉक्टर बसतात," मी म्हणालो.

"म्हणजे वेड्यांचे?"

"न झोपणाऱ्यांचेही."

"आणि कुणी बघितलं तर? उद्या बाया माझ्या हातानं बाळंत होतील? नोकरी सोडलेली बरी." मग म्हणाल्या, "केसपेपर तुमच्या नावावर काढा. मी सोबत आले म्हणून सांगा."

मी कबूल झालो. ते डॉक्टर गुरुवारीच बसत.

समारंभात साहेब सेवाभावावर चाळीस मिनिटं बोलले. परिचारिकेचा हसरा चेहरा हेच निम्मं औषध, असं ते म्हणाले तेव्हा बाई आपल्या चपलांकडे बघत होत्या. आभारप्रदर्शन सुरू झालं आणि आम्ही मागच्या दारानं त्या डॉक्टरांकडे सटकलो. बाईंच्या खांद्यावर शाल, हातात नारळ.

पेपर माझ्या नावाचा, म्हणून डॉक्टरांनी मलाच विचारायला घेतलं.

"झोप?"

"उत्तम."

"भूक?"

"उत्तम."

"कामावर मन लागतं?"

"अगदी मजेत."

"खोटं बोलताय, डॉक्टर!" बाईंचा तो जुना आवाज. बाहेरच्या बाकावरची कुजबुज थांबली. "जीप सुरू झाली की हातातलं काम टाकून दाराशी जाता. त्या पोरीचा कागद ड्रॉवरमध्ये ठेवलाय, रोज काढून बघता. मला दिसत नाही होय? लोकांना काय वाटेल म्हणून एवढ्या लांब आलोय, आता इथं तरी खरं..."

बाई तिथंच थांबल्या. नारळ मांडीवर घट्ट धरून रडायला लागल्या.

डॉक्टरांनी घाई केली नाही. बऱ्याच वेळानं त्यांनी दुसरा कोरा पेपर पुढं ओढला. "हा कुणाच्या नावावर?"

बाईंनी स्वतःचं नाव सांगितलं.

गोळ्या मिळाल्या, महिनाभर रजा मिळाली, आणि दर गुरुवारी सांगलीची एस.टी. आम्ही दोघंही जायचो; माझाही पेपर खोटा नव्हताच. सुधारायला वेळ लागला. दिवाळीनंतर एकदा हवालदार लंगडत, पण हसत आला.

"डाक्टर, 'बावळट म्हाताऱ्या, पट्टी भिजवलीस कशी?' म्हणाल्या! लय गार वाटलं."

पुढच्या अहवालात वर्तणुकीच्या रकान्यात मी 'पूर्ववत' असं लिहिलं. आदर्श परिचारिकेची वर्तणूक पूर्ववत कशी झाली, याचा साहेबांनी लेखी खुलासा मागवला. काय लिहू म्हणून मी बाईंनाच विचारलं. त्यांनी जे सांगितलं ते सरकारी कागदावर लिहिण्यासारखं नव्हतं.